पाकीट ही पळवाट नाही

‘पेचेक’ (२००३) या विज्ञानपटाच्या नायकाला, जेनिंग्जला, स्वतःच्या पाकिटातून हवी ती वस्तू ऐन वेळी मिळते, म्हणून पटकथा आळशी, असं काही जण म्हणतात; ते मला अजिबात पटलं नाही. जेनिंग्जने कंपनीसाठी बनवलेलं यंत्र भविष्य दाखवतं हे एकदा मान्य केलं की त्याने संकटं आधीच पाहून त्या वस्तू स्वतःलाच पाठवल्यात, हे सरळ आहे. खरी गंमत पुढे आहे. काम संपल्यावर करारानुसार स्मृती पुसलेल्या जेनिंग्जला वाटतं आपण फसवले गेलो: मोबदल्याचे कोट्यवधींचे शेअर्स सोडून हा कचरा कोण घेईल? आठवत नसलेल्या स्वतःवर विश्वास ठेवायचा की नाही, हा प्रश्न बसच्या पाससारख्या क्षुल्लक वस्तूतून उभा राहतो, हे मला फार आवडतं.

माझी तक्रार वेगळी आहे. विज्ञानकथालेखक फिलिप के. डिकच्या १९५३च्या मूळ कथेत फक्त सात वस्तू आहेत: तारेचा तुकडा, तिकिटाचं अर्धुक, पोकर चिपचा अर्धा भाग वगैरे. तिथे पोलिसांपासून वाचायला माणसाला बड्या कंपनीचाच आसरा घ्यावा लागतो. ही भीतीदायक कल्पना चित्रपटाचा दिग्दर्शक जॉन वूने सोडली आणि मोटारसायकलचा पाठलाग लांबवला. कथा जरूर वाचा.