'लस्ट्रेशन'ला मराठीत काय म्हणावं?

शब्दखूळ: रोमानियावरचा लेख मराठीत करतेय आणि 'लस्ट्रेशन'पाशी अडलेय. कम्युनिस्ट राजवटीतले पुढारी आणि 'सेकुरिताते' या गुप्त पोलीस खात्यातली माणसं यांना काही वर्षं सत्तेच्या पदांपासून लांब ठेवायचा कायदा. मी 'शुद्धीकरण' लिहिलं होतं, संपादकांनी खोडून 'छाननी' केलं.

दत्तूकाका: शुद्धीकरणच बरोबर. मूळ लॅटिन शब्द बळी देऊन पवित्र करण्याचा. आपल्याकडे तर 'नीराजन' आहे! स्वारीआधी राजा शस्त्रं, घोडे ओवाळून घ्यायचा तो विधी. आपलं निरांजन त्यातलंच. 'नीराजन कायदा' म्हणा.

रानवारा: काका, हे वाचून कोणाला काय कळणार? आणि शुद्धीकरण तर नकोच. स्टालिनने माणसं मारली, त्यालाही पक्षशुद्धीच म्हणायचे. इथे कोणाचा जीव घेतलेला नाही.

शब्दखूळ: माझं भांडण 'छाननी'शी आहे. छाननी रोमानियात झाली. १९९९च्या कायद्याने गुप्त पोलिसांच्या फायली उघडल्या. झाली नाही ती बंदी. ११ मार्च १९९०च्या, तिमिश्वारा शहरातल्या जाहीरनाम्याचं आठवं कलम तीच मागत होतं: लागोपाठ तीन निवडणुकांत या लोकांना उमेदवारी नको. मे महिन्यात एकेकाळी कम्युनिस्ट हुकूमशहा चाउशेस्कूच्या पक्षाच्या केंद्रीय समितीत असलेले योन इलिएस्कू ८५ टक्के मतांनी अध्यक्ष झाले. संसदेने कायदा केला तो थेट २०१०मध्ये, घटना न्यायालयाने तो रद्द केला. २०१२मध्येही तेच. चेकोस्लोव्हाकियाने हे काम १९९१लाच उरकलं होतं. 'छाननी' लिहिलं की वाचक म्हणणार, झाली की मग!

पारावरचा: बावीस वर्षं पंचायत समितीत काढली. सदस्य 'अपात्र' ठरतो, हा रोजच्या कागदातला शब्द. 'अपात्रता कायदा' लिहा.

दत्तूकाका: अपात्र म्हणजे ज्याच्यात योग्यता नाही तो. इथे योग्यता असूनही पूर्वकर्मामुळे अडवलंय.

पारावरचा: थकबाकीदारही अपात्र ठरतो, काका. त्याची योग्यता कोण बघतं?

जाईजुई: थोडं अवांतर. रोमानियन बोलीत खबऱ्याला 'तुर्नातोर' म्हणतात, 'ओतणारा'. आपण कान भरतो, ते ओततात!

रानवारा: कान भरणं वेगळं. त्यात मन कलुषित करायचा हेतू असतो. खबऱ्या खरीही बातमी देतो.

जाईजुई: आमची आजी दोघांनाही 'चहाडखोर' म्हणायची. बातमी खरी असली तरी.

दत्तूकाका: चहाडी शब्दाची व्युत्पत्ती कोणाला ठाऊक आहे का?