गिटार आणि गाणे एकदम रेकॉर्ड केल्यावर आवाज पोकळ का येतो?

गच्चीवरचा_गवई

नमस्कार. ठाण्यातल्या आमच्या फ्लॅटमधील दहा बाय बाराच्या खोलीत मी स्वतः चाल लावलेली गाणी रेकॉर्ड करतो. स्टीलच्या तारांची गिटार बोटांनी छेडतो आणि त्याच बैठकीत गातो. माझ्याजवळ दोन कार्डिऑइड (म्हणजे मुख्यतः समोरचे ऐकणारे) कंडेन्सर माइक आणि दोन चॅनेलचा इंटरफेस (माइक संगणकाला जोडणारी पेटी) आहे. गाण्याचा माइक ओठांपासून साधारण १५ सेंटीमीटरवर असतो, तर गिटारचा माइक बाराव्या फ्रेटसमोर (फ्रेट म्हणजे गिटारच्या मानेवरची आडवी धातूची पट्टी) २५ सेंटीमीटरवर. दोन्ही ट्रॅक वेगवेगळे ऐकले तर काही तक्रार नाही, परंतु एकत्र वाजवले की माझा आवाज नळकांड्यातून आल्यासारखा पोकळ होतो, आणि गाताना मान जराशी हलली असेल तर तो पोकळपणाही सरकत राहतो.

आधी गिटार आणि मग गाणे असा प्रयोग करून झाला आहे. माझ्या चालीत ओळीच्या शेवटी लय किंचित रेंगाळते; मेट्रोनोम लावला तर ते रेंगाळणे मरते, आणि न लावता वाजवले तर गिटार कुठे थांबली होती हे गाताना मलाच आठवत नाही. म्हणून दोन्ही एकदमच करायचे आहे. पोलॅरिटी उलटवण्याचे, म्हणजे ध्वनीची लाट उलटी करण्याचे, बटण दाबून पाहिले. पोकळपणाची जात बदलली, पण आवाज खालून पातळ झाला. दोष माइकचा, खोलीचा की मिक्सिंगचा, हे कृपया सांगावे.

षड्ज_पंचम

मान हलली की पोकळपणा सरकतो, या आपल्या एका वाक्यातच निदान आहे. आपला आवाज दोन्ही माइकमध्ये जातो आणि दुसऱ्यात तो उशिरा पोहोचतो. ओठांपासून गिटारचा माइक साधारण ६० सेंटीमीटरवर असेल असे धरू. म्हणजे दोन वाटांत ४५ सेंटीमीटरचा फरक पडतो, आणि ध्वनीला तेवढे अंतर कापायला सुमारे १.३ मिलिसेकंद लागतात. एवढ्या उशिराने आलेली प्रत मूळ आवाजात मिसळली की साधारण ३८० हर्ट्झला खड्डा पडतो, म्हणजे तेवढ्या कंपनाचा स्वर दबतो, पुढचा ११४० च्या आसपास, त्यापुढचा १९०० ला, असे कंगव्याच्या दातांसारखे खड्डे वरपर्यंत पडत जातात. पोलॅरिटी उलटवल्याने खड्डे बुजत नाहीत, त्यांच्या जागा तेवढ्या बदलतात, आणि त्यातला पहिला अगदी तळाशी येतो. आवाज पातळ झाला तो त्यामुळे.

आता मुख्य गोष्ट. तोंडापासून पहिला माइक जेवढा दूर, त्याच्या निदान तिप्पट अंतरावर दुसरा असावा हा प्रसिद्ध नियम आपण वाचला असेल, आणि आपली मांडणी त्या नियमात बसतेसुद्धा, कारण १५ ला ६० म्हणजे चौपट. खोलीतले परावर्तन सोडून दिले तर गिटारच्या माइकमध्ये आपला आवाज १२ डेसिबलने कमी पोहोचायला हवा, आणि तसे झाले तर खड्डा जेमतेम अडीच डेसिबलचा राहतो, जो कानाला खुपत नाही. मात्र तो नियम दोन्ही माइकचा गेन (इंटरफेसवर आवाज वाढवण्याचे प्रमाण) सारखा आहे असे धरून चालतो. बोटांनी छेडलेली गिटार हळू वाजते, म्हणून आपण तिचा गेन दहाएक डेसिबलने वाढवला असणार. त्याबरोबर तिथे सांडलेला आवाजही तेवढाच वर आला, फरक दोन डेसिबलवर आला आणि अडीचचा खड्डा जवळजवळ चौदा डेसिबलचा झाला. मिक्सिंगमध्ये हे दुरुस्त होत नाही.

तिसरा_टेक

वरील स्पष्टीकरण पटले, परंतु सोपा उपाय राहून गेला असे वाटते. गाण्याचा ट्रॅक सॉफ्टवेअरमध्ये १.३ मिलिसेकंदांनी मागे सरकवला तर दोन्ही ट्रॅकमधला आवाज जुळून येईल. लाटांचे उंचवटे पडद्यावर मोठे करून पाहिले की किती सरकवायचे तेही दिसते.

षड्ज_पंचम

आवाज जुळेल, पण गिटार बिघडेल. गिटारही गाण्याच्या माइकमध्ये सांडते, तीसुद्धा सुमारे एक मिलिसेकंद उशिरा. त्या ट्रॅकला आणखी १.३ चा उशीर दिला तर तिच्या दोन प्रतींमधले अंतर दुपटीहून अधिक होते. एका बैठकीत आवाजाचे दोन उगम आणि दोन माइक असले की सरकवून एकच बाजू सावरते. कधी गाणे एवढे पुढे असते की गिटारचे नुकसान चालून जाते, हे मान्य. पण बोटांच्या वादनात ते लगेच कळते.

त्यापेक्षा माइकच्या बहिऱ्या बाजूचा उपयोग करावा. कार्डिऑइड माइक पाठीमागे सर्वांत कमी ऐकतो. गाण्याचा माइक हनुवटीच्या खाली आणून ओठांकडे वर रोखला तर त्याची पाठ गिटारकडे वळते. गिटारचा माइक गिटारच्या मानेच्या थोडा वर ठेवून बाराव्या फ्रेटकडे खाली रोखला तर त्याची पाठ तोंडाकडे येते. नेम गिटारच्या गोल भोकावर धरू नये, कारण तिच्या पोटातली हवा साधारण १०० हर्ट्झच्या आसपास घुमते आणि ती घुमणूक मग सगळ्या गाण्यावर पसरते. आठाच्या आकड्याच्या पॅटर्नचे माइक उसने मिळाले तर उत्तमच, कारण ते दोन्ही कुशींना जवळपास पूर्ण बहिरे असतात आणि ती कुस नको असलेल्या उगमाकडे अचूक धरता येते. बसवल्यावर गिटार न वाजवता नुसते गावे, गिटारचाच माइक हेडफोनवर ऐकावा, आणि आपला आवाज सर्वांत बारीक येईपर्यंत तो बोट-बोट फिरवावा. माझ्या मते यात गेलेला अर्धा तास कोणत्याही प्लगिनपेक्षा (सॉफ्टवेअरमधल्या ध्वनी-साधनापेक्षा) जास्त देतो.

जुना_टेपरेकॉर्डर

मी तर एक माइक काढूनच ठेवायला सांगेन. एकच माइक असला की दोन माइकमधल्या उशिराचा प्रश्नच उरत नाही. छातीच्या उंचीवर, आपल्यापासून ५० ते ६० सेंटीमीटरवर तो ठेवावा आणि तोल त्याच्या उंचीने साधावा: गाणे मागे पडले तर वर, गिटार मागे पडली तर खाली. ट्रॅक मोनो मिळेल, आणि नंतर गिटार एकटी वाढवता येणार नाही, हे आधीच स्वीकारावे लागते.

अंतर वाढले की खोली ऐकू येऊ लागते. त्यासाठी आपल्या पाठीमागे दोरीवर दोन जाड गोधड्या टाकाव्यात. त्या वरचे स्वर शोषतात, खालची घुमणूक त्यांना आवरत नाही, म्हणून कोपऱ्यात किंवा खोलीच्या नेमक्या मध्यावर बसू नये. पंखा बंद, फ्रिज बंद. फ्रिज पुन्हा चालू करण्याची आठवण राहावी म्हणून मी माझ्या गाडीची किल्ली त्यातच ठेवतो.

रेकॉर्डिंग २४ बिटवर करावे आणि सर्वांत जोराची तान मीटरवर उणे १२ ते उणे १० डेसिबलपर्यंतच जाऊ द्यावी (शून्य म्हणजे कमाल मर्यादा). मिक्समध्ये फार काही करू नये. सर्वांत खालची तार ८२ हर्ट्झची असल्यामुळे ६० ते ७० च्या खालचे कापले तर काही गमावत नाही. कॉम्प्रेसरबाबत (मोठा आवाज आपोआप दाबणाऱ्या साधनाबाबत) मात्र जपावे: ज्या ट्रॅकमध्ये गाणे आणि गिटार दोन्ही आहेत, त्यावर तो जोरात लावला की ओळ संपताक्षणी गिटार फुगून वर येते आणि पुढचा शब्द सुरू झाला की दबते. आधी ओळीगणिक आवाजाची पातळी हाताने सारखी करावी, मग दोनास एक प्रमाणात दोन-तीन डेसिबल दाबले तरी पुरते. रिव्हर्ब (कृत्रिम घुमारा) एकच असावा, थोडासा.

गच्चीवरचा_गवई

सर्वांचे आभार. काल रात्री साडेअकरानंतर, रस्ता शांत झाल्यावर, दोन्ही प्रकार करून पाहिले. बहिऱ्या बाजूंच्या मांडणीने पोकळपणा बराच कमी झाला, मात्र वरच्या पट्टीत गेलो की मी नकळत मान उचलतो आणि तेवढ्यापुरता तो परत येतो. एका माइकवर तो अजिबात नाही. सुरुवातीला गिटारच पुढे येत होती. माइक चार बोटे वर घेतल्यावर शब्द मोकळे झाले. गाणे आता कमी चकचकीत वाटते, पण ओळीच्या शेवटी मी जिथे थांबतो तिथे गिटारही माझ्याबरोबर थांबलेली ऐकू येते, आणि मला तेच हवे होते. त्यामुळे एकच माइक ठेवतो आहे.

एक बारीक खरखर मात्र शेवटपर्यंत पिच्छा सोडत नव्हती. केबल बदलली, इंटरफेसचे सॉकेट बदलले, तरी ती श्वासागणिक येतच होती. शेवटी कळले की माझ्या शर्टाची बटणे गिटारच्या पाठीला घासत होती. आता बंडी घालून गातो.