पाचवीचा वर्ग आणि पहिले वर्ष : आधी पुस्तक की आधी वाचन?

नवी शिक्षिका : राज्याच्या शिक्षक भरतीसाठी असलेल्या पवित्र पोर्टलमार्फत निवड होऊन मी जूनमध्ये गोवंडीतील महापालिकेच्या मराठी शाळेत शिक्षणसेवक म्हणून रुजू झाले. माझ्याकडे पाचवीचा वर्ग असून त्यातील बऱ्याच मुलांना जोडाक्षर आले की पुढे वाचता येत नाही. काहींच्या घरी भोजपुरी किंवा उर्दू बोलली जाते. सकाळी नळाला पाणी येण्याची वेळ आणि शाळेची वेळ एकच असल्याने काही मुली पहिली तासिका संपल्यावरच येतात. 2023पासून राज्यात पाचवीला वार्षिक परीक्षा आहे आणि पुनर्परीक्षेतही नापास झालेल्या मुलाला त्याच वर्गात ठेवता येते. अशा स्थितीत आधी पुस्तक पूर्ण करावे की वाचन शिकवावे?

जुन्या बाई : आधी वाचनच. तिसरी ते पाचवीच्या मुलांचे इयत्तेऐवजी अक्षर, शब्द, परिच्छेद आणि गोष्ट अशा वाचनपातळीनुसार गट करून रोज तासभर शिकवण्याची पद्धत ‘प्रथम’ने रुळवली, आणि या संस्थेचे काम मुंबईच्या वस्त्यांतूनच उभे राहिले. चाचणी मात्र एकेका मुलाला जवळ बसवून घ्या. पाठाच्या मधल्याच ओळीवर बोट ठेवून वाचायला सांगितले की पाठ केलेले कोणते आणि वाचलेले कोणते हे लगेच उघड होते.

एक मुख्याध्यापक : बाईंशी मी निम्माच सहमत आहे, कारण गटांच्या नादात परिसर अभ्यास मागे पडतो, त्याच पुस्तकातील उतारे वाचनाला घ्यावेत. आमच्याकडे तोंडी अचूक उत्तर देणारी मुले लेखी परीक्षेत अडतात, ती ‘कारणे द्या’ म्हणजे नेमके काय करायचे हे न कळल्यामुळे. तेव्हा प्रश्नांची भाषाही शिकवा. वाचनाचा तास मधल्या सुट्टीनंतर ठेवा, म्हणजे पाण्यासाठी थांबलेल्या मुलींचा तो बुडणार नाही. त्यांना दाराबाहेर उभे करू नका. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही निषिद्ध आहेत.

नवी शिक्षिका : आभारी आहे. चाचणी सोमवारपासून घेते. चौथीच्या बाई त्यांची मुले गटांत द्यायला तयार आहेत, परंतु त्यांना निवडणुकीच्या कामाचा आदेश आला आहे. त्या काळात दोन्ही वर्ग एकटीने कसे सांभाळावेत, हेही कुणी सांगावे.