रोजच्या वाचनातले इंग्रजी शब्द : मूट, सँक्शन, इन्फ्रक्चुअस

इंग्रजी शब्दसंग्रह वाढवायचा म्हणून याद्या पाठ करणारे पुष्कळ जण भेटतात. महिन्याभरात त्यातले बहुतेक शब्द विसरले जातात, कारण ते कुठल्या वाक्यात वापरतात हे कधी पाहिलेलंच नसतं. आपण एरवीही जे वाचतो, म्हणजे वर्तमानपत्र, औषधाच्या खोक्यातला कागद, बँकेचं पत्र, त्यातूनच शब्द वेचावेत असं मला मनापासून वाटतं. आणि वेचताना ओळखीच्या वाटणाऱ्या शब्दांवर जास्त लक्ष ठेवावं. अनोळखी शब्दाला आपण अडखळतो, म्हणून कोश उघडतो. ओळखीच्या शब्दाशी थांबतच नाही, आणि नेमका तिथे अर्थ निसटतो.

‘मूट पॉइंट’ घ्या. ब्रिटिश वळणाच्या इंग्रजीत याचा अर्थ वादाचा मुद्दा, ज्यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल असा. जुन्या इंग्रजीत ‘मोट’ म्हणजे सभा. कायद्याचे विद्यार्थी ‘मूट कोर्ट’मध्ये सराव म्हणून वाद घालतात, ते याच अर्थाने. अमेरिकेत मात्र ‘मूट’ म्हणजे ज्यावर आता वाद घालण्यात काही हशील उरलेलं नाही असा मुद्दा. एक अर्थ वाद सुरू करणारा, दुसरा वाद मिटवणारा! म्हणून हा शब्द टिपताना बातमी कुठल्या देशातली आहे हेही मी शेजारी लिहून ठेवते.

‘टेबल’चंही तसंच. आपल्याकडे बिल ‘टेबल’ झालं म्हणजे सभागृहात मांडलं गेलं. मराठीतही आपण ‘पटलावर ठेवलं’ म्हणतो. अमेरिकी संसदेच्या बातमीत तेच क्रियापद आलं तर प्रस्ताव बाजूला सारला, लांबणीवर टाकला असं समजायचं.

‘सँक्शन’ तर आपण घरातही वापरतो. लोन सँक्शन झालं, प्लॅन सँक्शन झाला. मग ‘सँक्शन्ड पोस्ट’ म्हणजे मंजूर पद आणि ‘सँक्शन्ड कंपनी’ म्हणजे जिच्यावर निर्बंध आहेत ती, हे कसं? मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ पवित्र करणं, कायदा म्हणून पक्कं करणं असा आहे. कायदा पक्का झाला की त्याची मान्यता आली आणि तो मोडणाऱ्याला शिक्षाही आली. मंजुरी आणि निर्बंध असे दोन फाटे तिथून फुटले. साधारण खूण अशी, की देशांच्या बातम्यांत अनेकवचनी ‘सँक्शन्स’ दिसलं की ते निर्बंध असतात.

वहीत नुसता शब्द मी लिहीत नाही. पूर्ण वाक्य उतरवते आणि शब्दाच्या मागचा-पुढचा शब्द अधोरेखित करते. ‘इम्ब्रोल्यो’ टिपला तेव्हा (यातला ‘जी’ उच्चारत नाहीत) त्याच्या आधी ‘पोलिटिकल’ होतं. पुढे ‘डिप्लोमॅटिक’, ‘लीगल’ असे सोबती सापडत गेले. गुंतागुंतीचा पेच हा अर्थ कोशात मिळतोच, पण हा शब्द राजकारण, कोर्टकचेऱ्या अशा ठिकाणी शोभतो, कपाटातल्या पसाऱ्याला लावायचा नाही, हे कळलं ते या सोबत्यांवरून.

आता माझा प्रश्न. ‘याचिका इन्फ्रक्चुअस ठरली’ हे कोर्टाच्या बातम्यांत नेहमी दिसतं. याची नेमकी छटा कोणी सांगेल का? ‘फेटाळली’पेक्षा हे वेगळं आहे ना?

प्रतिसाद

हो, वेगळं आहे. मी वकिली करते, त्यामुळे हा शब्द सतत कानावर असतो. समजा, एखाद्या परीक्षेला स्थगिती मागणारी याचिका आली आणि सुनावणीआधीच परीक्षा होऊन गेली. आता स्थगिती देणार कशाला? अशी याचिका इन्फ्रक्चुअस. अर्जदाराचं म्हणणं बरोबर होतं की चूक, यावर कोर्ट काही बोललेलंच नसतं. म्हणून बातमीत नुसतं ‘फेटाळली’ लिहिलं की वाचकाला वाटतं, तो हरला. अमेरिकी कोर्टात अशा वेळी ‘मूट’ म्हणतात, म्हणजे तुमचे दोन शब्द इथे एकत्र आले. मराठीत ‘निष्फळ’ चालेल, आणि तो चपखलही आहे, कारण इन्फ्रक्चुअसच्या पोटात लॅटिनमधलं फळच आहे.

प्रतिसाद

निवडणुकीच्या दिवसांत ‘सेफॉलॉजिस्ट’ येतो. स्पेलिंगमध्ये सुरुवातीला ‘पी’ का असतो?

मूळ लेखिका

वकीलताई, मनापासून आभार. तुमचं परीक्षेचं उदाहरण तसंच्या तसं वहीत उतरवलं आहे.

‘पी’ ग्रीकमधून आला. ‘प्सेफोस’ म्हणजे खडा. प्राचीन ग्रीसमध्ये खडे टाकून मत देत, म्हणून मतदानाच्या अभ्यासाला विसाव्या शतकाच्या मध्यात ब्रिटनमध्ये हे नाव मिळालं. सायकॉलॉजीतल्यासारखाच इथेही ‘पी’ इंग्रजी उच्चारात गळतो. ‘बॅलट’ही याच धाटणीचा, इटालियनमधल्या छोट्या गोळीवरून आलेला. आणि ‘कँडिडेट’ म्हणजे शुभ्र वस्त्रातला. रोममध्ये पदासाठी उभे राहणारे पांढरा केलेला टोगा घालत. ‘कँडिड’ हा याच घरातला शब्द.

अर्थविषयक पानं माझ्याकडून फारशी वाचली जात नाहीत. बँकेत किंवा शेअर बाजारात काम करणाऱ्यांनी तिथले शब्द द्यावेत, फक्त अख्ख्या वाक्यासकट.