मदत हवी आहे: दोन वर्षांच्या ब्राह्मण कालवडी माजावर येत नाहीयेत

मंडळी, मी ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या उत्तरेला चार्टर्स टॉवर्सकडे गुरांच्या फार्मवर कामाला आहे, इथे मांसासाठी ब्राह्मण गुरं पाळतात, म्हणजे मूळ रक्त आपल्याच गीर, ओंगोल, कांकरेजचं. मे ते ऑक्टोबर गवत नुसतं वाळकं, प्रोटीन नाहीच, त्यात जमिनीत फॉस्फरस कमी, मग पावसाळ्यात कमावलेलं वजन कोरड्या महिन्यांत तसंच उतरतं आणि निम्म्या कालवडी 280 किलोवरच अडकल्यात. प्रोटीनची कमी भरून काढायला युरियाचं चाटण (गुरांनी चाटायचं पूरक खाद्य) देतोय. फॉस्फरस पावसाळ्यातच, हिरवं गवत असताना लागू पडतो हे पटतं, पण तेव्हाच रस्ते चिखलात बंद, चाटण पोचवायचं कसं? आधीच ठेवलं तर भिजून युरिया विरघळतो आणि ते पाणी गुरं प्यायली की विषबाधा, त्याचीच भीती वाटते. कुणी केलंय का? आणि हलक्या कालवडी वळूकडे सोडाव्या की वर्षभर थांबावं?