मदत हवी आहे: रात्रभराचं नाटक टिपायला कोणता व्हिडिओ कॅमेरा घ्यावा? (बजेट दीड लाख)

धानपट्टी

राम राम मंडळी.

मी ब्रह्मपुरी तालुक्यातला. लग्नाचे व्हिडिओ काढतो, थोडी धानाची शेती आहे. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, दिवाळी झाली की मंडई (गावची जत्रा), शंकरपट (बैलांच्या शर्यती) आणि त्याच्या मागोमाग नाटकं सुरू होतात, ती थेट होळीपर्यंत. यंदा वडशाच्या एका नाटक कंपनीबरोबर पूर्ण हंगाम फिरून माहितीपट करायचं ठरवलं आहे. मालकांनी तोंडी होकार दिला. आमच्या झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हापासून बाहेरचे लोक झाडीपट्टीबद्दल विचारतात, पण दाखवायला काय आहे? प्रेक्षकांतून मोबाइलवर काढलेले व्हिडिओ. चेहरा पांढराफटक आणि आवाज फाटलेला.

फक्त प्रयोग नाही टिपायचा. वडशाच्या ऑफिसातलं बुकिंग, गाडीत चढणारे पडदे आणि ट्रंका, रंगपट, पेटीवाला, प्रॉम्प्टर, आणि पहाटे चहा पिऊन पुढच्या गावाला निघणारी मंडळी, हे सगळं हवं.

अडचण अशी की माझा जुना डीएसएलआर अर्ध्या तासाच्या आत आपोआप थांबतो. लग्नात चालून जातं, भाऊ, वरमाला दोन तास चालत नाही. इथे नाटक रात्री दहा-साडेदहाला सुरू होऊन पहाटेपर्यंत चालतं. नेमका रडारडीचा प्रवेश रंगात आला की कॅमेरा बंद.

यूट्यूबवर परीक्षणं पाहून डोकं फिरलं. एक जण म्हणतो ब्लॅकमॅजिक पॉकेट ४के घ्या, सिनेमासारखं चित्र येते. दुसरा म्हणतो सोनी एफएक्स३०. तिसरा म्हणतो झेडव्ही-ई१० पुरे. आमच्या इथल्या फोटोग्राफर मित्राचं म्हणणं, लग्नाचा खांद्यावरचा सोनी एमसी२५०० आहे ना, तोच ने. हे सगळे परीक्षणवाले दुपारी कॉफीच्या दुकानात शूट करून दाखवतात. ताडपत्रीच्या मंडपात, जनरेटरवर, लाल-निळ्या एलईडीखाली कोणी दाखवत नाही.

बजेट लेन्स, कार्ड, आवाजाचं सामान सगळं धरून दीड लाख. जुना कॅमेरा घ्यायलाही हरकत नाही. मी एकटाच आहे, फार तर भाचा सोबत येईल.

---

नागपुरी_संत्रं

एफएक्स३० घे डोळे झाकून. आत पंखा आहे, वेळेची मर्यादा नाही, १०-बिट रंग (नंतर रंग सुधारायला जास्त वाव), एस-लॉगमध्ये (सोनीचा रंग नंतर सुधारायचा फिका मोड) ८०० आणि २५०० असे दोन बेस आयएसओ, म्हणजे अंधारातही नॉइज कमी. रात्रीच्या कामाला यापेक्षा काय पाहिजे?

---

धानपट्टी

हाव, पण त्यात बजेट संपते जी. लेन्स काय धानाच्या पोत्यावर देते कोणी?

---

तिसरी_घंटा

धानपट्टी भाऊ, मी नाटकांचं चित्रीकरण बरीच वर्षं करतो आहे, पुण्यामुंबईचं जास्त, पण दोन हंगाम गोंदिया-भंडाऱ्याकडेही काढले आहेत. कॅमेऱ्याचं नाव नंतर ठरवा. आधी मंडपात जाऊन पावलं मोजा: तुमचा ट्रायपॉड जिथे उभा राहणार तिथून रंगमंच किती लांब? तुमच्या मंडपात तो पुढे लावता येत नाही, मागची बाई ओरडते. धरू १५ मीटर.

आता साधं गणित. सेन्सरची रुंदी भागिले लेन्सचे मिलिमीटर गुणिले अंतर, म्हणजे चौकटीत मावणारी रुंदी. एफएक्स३० किंवा झेडव्ही-ई१० या एपीएस-सी (मध्यम आकाराच्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यांचा सेन्सर साधारण २३.५ मिमी रुंद. त्यावर ५० मिमी लावली तर १५ मीटरवर ७ मीटर चौकट येते. म्हणजे सगळा रंगमंच, झालर आणि कोपऱ्यातल्या स्पीकरसकट. १०५ मिमीला साडेतीन मीटर, दोन-तीन पात्रं. एकट्या नायिकेचा कमरेपासून वरचा शॉट हवा तर २०० मिमीच्या आसपास जावं लागतं. म्हणून सोबत मिळणारी १६-५० ची किट लेन्स बघून झेडव्ही-ई१० घेतला तर कॅमेरा कितीही चांगला असो, डोळ्यातलं पाणी दिसणार नाही. एफएक्स३० वर किट लेन्स लावली तरी तेच.

दुसरं, ब्लॅकमॅजिक. चित्र खरंच देखणं आहे, आणि संकलनाच्या डाविंची रिझॉल्व्ह सॉफ्टवेअरचं स्टुडिओ लायसन्स सोबत मिळतं. पण सर्वांत जास्त दाबलेल्या १२:१ रॉमध्ये (सेन्सरच्या कच्च्या फाइलमध्ये) सुद्धा पूर्ण ४के ला तासाला सुमारे १०० जीबी लागतात. सहा तासांचं नाटक म्हणजे ६०० जीबी, एका रात्रीचे. हंगामभर किती होतील ते तुम्हीच मोजा. एलपी-ई६ बॅटरी तासभरही पुरत नाही, म्हणजे व्ही-माउंट या मोठ्या बॅटरीचा खर्च आला. फोकस मागे-पुढे जाणाऱ्या पात्राचा पाठलाग आपोआप करत नाही. तो कॅमेरा दिग्दर्शक "कट" म्हणतो तिथे शोभतो. तुमच्याकडे कट म्हणणारा कोणी नाही.

एमसी२५०० चं झूम भरपूर आहे, पण सेन्सर पाव इंची. हिरव्या-निळ्या दिव्यात काळ्या भागात किडे वळवळल्यासारखे दाणे (नॉइज) येतील. मुलाखतीही त्याच्यावर सपाट दिसतील.

जुना डीएसएलआर थांबतो त्याचं कारणही सांगतो. युरोपीय संघात अर्ध्या तासापेक्षा जास्त सलग रेकॉर्ड करणारा कॅमेरा व्हिडिओ कॅमेरा धरून त्यावर जादा आयातशुल्क लागत असे, म्हणून कंपन्यांनी २९ मिनिटं ५९ सेकंदांवर कात्री लावली. आता बहुतेक नव्या कॅमेऱ्यांत ती नाही, पण जुना घेताना हे आधी विचारा.

माझ्या मते तुमच्या कामाला दोन जोड्या बसतात. सोनी झेडव्ही-ई१० चं दुसरं मॉडेल, २०२४ चं, आणि जुनी १८-१०५ एफ४. किंवा जुना पॅनासॉनिक जीएच५ आणि ३५-१०० एफ२.८. जीएच५ चा सेन्सर लहान, १७.३ मिमी, त्यामुळे १०० मिमीलाच १५ मीटरवर २.६ मीटरची चौकट मिळते. ४के मध्ये काढून १०८० (फुल एचडी) मध्ये द्यायचं असेल तर संकलनात अजून दुप्पट जवळ जाता येतं.

---

नागपुरी_संत्रं

जीएच५ २०१७ चा आहे दादा. त्याचा ऑटोफोकस शोधत बसतो, सगळं जग त्यावर हसतं. आता कोण घेतं?

---

तिसरी_घंटा

जग हसतं कारण जग स्वतःकडे कॅमेरा करून बोलतं. नाटकात मी ऑटोफोकस बंदच ठेवतो. गडद मेकअप, सरकणारा दिवा, धूर सोडला की सोनीचाही फोकस मागच्या रंगवलेल्या महालावर जाऊन बसतो. लग्नं काढणाऱ्याचा हात फोकस रिंगवर बसलेला असतो.

जीएच५ ला दोन कार्ड आहेत. एक भरलं की चालू शॉट दुसऱ्यावर आपोआप जातो. झेडव्ही-ई१० च्या दोन्ही मॉडेलना एकच खाचा आहे. रात्रभराच्या प्रयोगाला हा फरक मला ऑटोफोकसपेक्षा मोठा वाटतो. सोनीच्या बाजूने सांगायचं तर त्याला यूएसबीवरून पॉवर बँक लावता येते, जीएच५ ला नाही.

---

ऑफलाइन_आत्या

४के, १०-बिट सगळं ठीक. आवाजाचं कोणी बोलेना, म्हणून लिहिते. झाडीपट्टी नाटक हे निम्मं गाणं आहे. पेटी आणि तबला खाली वाजतोय, नट माइकच्या दिशेने तोंड करून संवाद म्हणतोय, आणि कॅमेऱ्यावरचा माइक १५ मीटरवर बसून फक्त शेजारच्याचं शेंगदाणे खाणं रेकॉर्ड करतोय. दीड लाखातले निदान २५ हजार आवाजासाठी आधी बाजूला काढ.

साउंडवाल्याच्या मिक्सरमधून एक लाइन घे. पण ती सरळ कॅमेऱ्याच्या माइकच्या भोकात घालू नकोस. मिक्सरमधून येते ती लाइन लेव्हल, म्हणजे जोरदार सिग्नल; कॅमेऱ्याला हवी माइक लेव्हल, म्हणजे बारीक. पहिल्याच आरोळीला आवाज फाटणार. रेकॉर्डरचं इनपुट लाइनवर ठेव, नाहीतर मध्ये सिग्नल कमी करणारा पॅड लाव. ३२-बिट फ्लोट (जोराचा आवाजही न फाटणारा) रेकॉर्डर मिळाला, झूम कंपनीचा एफ३ वगैरे, तर लेव्हल चुकली तरी नंतर सावरता येते. जनरेटरचं गुं-गुं लाइनमध्ये उतरतं, त्यासाठी आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स (मिक्सर आणि रेकॉर्डरच्या मध्ये लावायची डबी) ठेव. आणि मिक्सरच्या आवाजात प्रेक्षक नसतो. शिट्ट्या, "वन्स मोअर", म्हाताऱ्यांचं हसणं यासाठी दुसरा साधा रेकॉर्डर मंडपाच्या खांबाला बांध. तो नसेल तर नाटक बंद खोलीत झाल्यासारखं वाटेल.

साउंडवाल्याला संध्याकाळीच भेट. प्रयोग सुरू झाल्यावर तो कोणाच्या बापाचं ऐकत नाही.

---

धानपट्टी

आत्या, शेंगदाण्याचं एकदम बरोबर बोललात! माझ्या जुन्या क्लिपांत तेच आहे.

एक राहिलंच. दिव्यांचे पट्टे फिरतात चित्रात. कॅमेरा बदलल्याने जातील का?

---

तिसरी_घंटा

शटर किती ठेवता? आपल्याकडे वीज ५० हर्ट्झ, दिवा सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. २५ फ्रेम आणि १/५० शटर ठेवा, नाहीतर १/१००. १/६० वर ठेवलं की पट्टे आलेच. बऱ्याच कॅमेऱ्यांत एनटीएससी (अमेरिकी ६० हर्ट्झची पद्धत) निवडलेलं असतं, ते आधी पाल (५० हर्ट्झची) करा.

जनरेटरवर लोड बदलला की हर्ट्झ खालीवर होतात, तेव्हा १/५० असूनही पट्टे येऊ शकतात. स्वस्त एलईडी पार लाइट मंद केले की त्यांची लुकलुक आणखी वेगळीच. त्यासाठी शटर थोडं थोडं सरकवण्याची सोय लागते. जीएच५ मध्ये ती सिन्क्रो स्कॅन नावाने आहे. रंगीत तालमीला नाहीतर पहिल्या नांदीच्या वेळी पट्टा थांबेपर्यंत आकडा फिरवा आणि मग हात लावू नका. आणि निळ्या दिव्यात एक्स्पोजर जरा कमीच ठेवा. निळा रंग एकदा भाजला की १०-बिटमध्येही परत येत नाही.

---

वरुडचा_वाटसरू

नेटफ्लिक्सला द्यायचं असेल तर त्यांच्या मान्य कॅमेऱ्यांच्या यादीत जीएच५ नाही, हे माहीत आहे ना?

---

ऑफलाइन_आत्या

ती यादी त्यांनी स्वतः पैसा लावलेल्या कामांसाठी आहे, आणि माहितीपटांना त्यातही सवलत असते. याला महोत्सवात पाठवायचं असेल. मुंबईचा माहितीपट महोत्सव १९९० पासून चालू आहे, तिथे कोणी कॅमेऱ्याचा नंबर बघून निवड करत नाही. थिएटरच्या २के डीसीपीची (थिएटरला द्यायच्या डिजिटल प्रतीची) फ्लॅट चौकट १९९८ बाय १०८०. म्हणजे नीट काढलेलं १०८० पडद्यावर लाज आणत नाही. आणि कॅमेऱ्याची यादी बघण्याआधी कंपनीमालकाचा आणि नाटककाराचा कागद करून घे रे बाबा. तोंडी होकार पहिल्या पुरस्कारापर्यंतच टिकतो.

---

भंडाऱ्याचा_भाऊ

उन्हाळ्याचं कोणी विचारलं नाही म्हणून सांगतो. बहुतेक कॅमेऱ्यांच्या माहितीपुस्तकात ४० अंशांपर्यंतच चालवा असं लिहिलेलं असते. ब्रह्मपुरीत मे महिन्यात ४५ च्या वर. पण तुमचा हंगाम थंडीचा आहे, तापण्याची काळजी कमी. खरा त्रास पहाटेच्या दवाचा. थंडीतून गरम मंडपात कॅमेरा आणला की लेन्सवर वाफ धरते. कॅमेरा बॅगेतच बंद ठेवून तो मंडपाइतका गरम होईपर्यंत थांबायचं, पुसत बसायचं नाही. शंकरपटाच्या मैदानात लेन्स बदलू नका, तिथली धूळ सेन्सरवर गेली की नागपूरलाच साफ होते. आणि पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरू नये म्हणून हवाबंद डब्यात सिलिका जेल.

---

धानपट्टी

सगळ्यांचे आभार. तूर्त असं ठरवलं: कॅमेऱ्यासाठी जुना जीएच५ आणि ३५-१००, मुलाखतींना माझ्याकडची जुनी ५० मिमी अडॅप्टर लावून. आवाजाचे २५ हजार आधीच भावाकडे ठेवले. पूर्ण रंगमंचाचा लांबचा शॉट भाच्याच्या मोबाइलवर, ट्रायपॉडला बांधून. विकत घेण्याआधी नागपूरहून एका रात्रीपुरता भाड्याने आणून मंडईच्या प्रयोगाला चालवून पाहीन. १०० एमबीपीएसला तासाला ४५ जीबी धरले तर रात्रीला २७० होतात, म्हणजे २५६ ची दोन कार्डं पुरावीत.

विजेचं मात्र कळलं नाही. डमी बॅटरी (बॅटरीच्या जागी बसणारी वायर) लावून जनरेटरवर चालवू का?

---

तिसरी_घंटा

नको. जनरेटरने एक उचकी दिली की कॅमेरा बंद आणि चालू फाइल गेली. बॅटरी ग्रिप घ्या, त्यात दुसरी बॅटरी बसते, आणि अंकाच्या मध्यंतरात दोन्ही बदलायच्या. चार बॅटऱ्या हाताशी ठेवा. चार्जर खुशाल जनरेटरवर लावा, त्याला काही होत नाही.

जुना घेताना दोन्ही खाचांत कार्ड घालून दोन तास सलग रेकॉर्ड करून बघा, टोपण लावून आयएसओ ३२०० ला पांढरे ठिपके दिसतात का ते बघा, एचडीएमआयचं भोक हलतं का ते बघा, आणि बिल मागा. लग्नवाल्याचा कॅमेरा असेल तर झूमची रिंग जास्त झिजलेली असते, ते तुम्हाला सांगायला नको.

---

धानपट्टी

हाव दादा, समजलं. नागपूर, चंद्रपूर किंवा गोंदियात कोणाकडे बॅटरी ग्रिपसह जीएच५ विकायचा असेल तर निरोप पाठवा. धान विकून झाल्यावर घेणार, म्हणजे दिवाळीच्या आसपास. भाव जरा माणुसकीचा सांगा.