ड्युटीसाठी हॉटेलात राहायला जायचंय. काय न्यायचं, काय मागून घ्यायचं?

डोंबिवलीची_सिस्टर | ७ मे २०२०

नमस्कार. मी मुंबईतल्या एका हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहे, सध्या कोविड वॉर्डला. लोकल बंद असल्यामुळे दीड महिना बसने ये-जा करतेय. जायला दोन तास, यायला दोन तास. नाइट संपवून निघाले की बसमध्ये उभ्या उभ्या डोळा लागतो.

घरी साडेचार वर्षांचा मुलगा, मिस्टर आणि सासूबाई. त्यांना शुगर आणि बीपी दोन्ही आहे. वन रूम किचन, बाथरूम एकच. रोज चपला जिन्यातच काढते आणि कशालाही हात न लावता थेट बाथरूम गाठते. गेल्या सोमवारी मिस्टर दार लावायच्या आत लेक धावत आला आणि पायाला मिठी मारली. मी त्याच्यावर ओरडले. एवढी ओरडले की तो कोपऱ्यात जाऊन बसला. त्या रात्री मला झोप आली नाही.

आता आमच्या पालिकेने सांगितलंय की मुंबईत कामाला जाणाऱ्यांनी ८ तारखेपासून तिथेच राहायची सोय करून घ्यावी. सोसायटीतले दोघंतिघं तर याचीच वाट बघत होते. सेक्रेटरींनी लिफ्ट वापरू नका म्हणून आधीच सांगितलंय. इन्चार्ज सिस्टरांना विचारलं, तर हॉस्पिटलने घेतलेल्या हॉटेलात एका खोलीत दोघी अशी जागा आहे म्हणाल्या. उद्या सामान घेऊन जायचंय.

मी आयुष्यात हॉटेलात दोनदा राहिलेय, एकदा महाबळेश्वरला आणि एकदा शिर्डीला. खोलीत दुसऱ्या वॉर्डची सिस्टर असली तर? एसीचं काय? कपडे कुठे धुवायचे? आणि मुलाला काय सांगू? तिथे राहणाऱ्या कोणी असतील तर कृपया लिहा.

---

जुनी_इन्चार्ज | ७ मे २०२०

अगं, मी ९ एप्रिलपासून अशाच एका हॉटेलात आहे. ताजने आपली हॉटेलं डॉक्टर-नर्सेसना दिली ही बातमी आली तेव्हा माझ्या नणंदेचा फोन आला, "वहिनी, तुमची तर चैन आहे." आमचं हॉटेल ते नव्हे. साधं आहे, पण बाथरूम खोलीतच आहे, आणि आपल्या कामाला तेवढं एक असलं की बाकीचं जमवता येतं.

पहिली गोष्ट, आणि हे उद्या चावी घ्यायच्या आधी बोल: खोलीत जोडीदारीण तुझ्याच शिफ्टची माग. तुझ्याच वॉर्डची असली तर सोन्याहून पिवळं. मला पहिले आठ दिवस आयसीयूची मुलगी दिली होती. ती नाइटला, मी मॉर्निंगला. ती सकाळी आठला येऊन आंघोळ करून झोपणार, मी अडीचला येऊन दार वाजवणार, मी संध्याकाळी जरा पडले की ती उठून दिवा लावून आवरणार. दोघींनाही धड झोप नाही. आणि झोप नसली की पीपीई काढताना हात चुकतो. मी हे वॉर्डात डोळ्यांनी बघितलंय. दमलेली मुलगी गॉगल काढून त्याच हाताने घाम पुसते. शिवाय ती पॉझिटिव्ह आली तर दोन वॉर्डांतल्या मुली क्वारंटाइन होणार. शिफ्ट एक असली की जाणं-येणं, झोपणं सगळं बरोबर होतं. आमच्या प्रशासनाला हे तीनदा लेखी दिलं तेव्हा बदललं. तू तोंडी सांगून थांबू नकोस, अर्ज कर, पोच घे.

दुसरं, चावीचं कार्ड. भिंतीतल्या खाचेत ते घातलं तरच खोलीतली लाइट चालते. कार्ड बहुधा एकच देतात. बाहेर पडणारी ते काढून घेऊन गेली की आत झोपलेलीचा एसी बंद, मोबाइल चार्जिंग बंद. रिसेप्शनला दुसरं कार्ड माग. नाही दिलं तर त्या मापाचं एखादं जुनं कार्ड खाचेत घालून बघ, पुष्कळ ठिकाणी चालतं.

एसी: सेंट्रल असेल आणि खिडकी उघडत नसेल तर खोली बदलून माग. स्प्लिट असेल तर २४ च्या खाली नेऊ नकोस आणि खिडकी बोटभर उघडी ठेव. बाथरूमचा एक्झॉस्ट चालू राहू दे. आमच्याकडे खिडकी स्क्रूने बंद केलेली होती, मेन्टेनन्सच्या दादांनी येऊन उघडून दिली.

कपडे: युनिफॉर्म आणि स्क्रब हॉटेलात आणायचेच नाहीत. हॉस्पिटलात आंघोळ करून, बदलूनच बसमध्ये बस. खोलीत फक्त साधे सुती कपडे, गिझरचं गरम पाणी आणि साबण पावडर, बास. नायलॉनची दोरी आणि दहा चिमटे घरून ने. आणि एक अगदी जीव तोडून सांगते. मोबाइल, चष्मा स्पिरिटने पूस. मोबाइलचं कव्हर काढून पूस, कडेला घाम साचतो. दाराची मूठ, नळ, स्विच यांना ब्लीच चालेल. पण बाथरूम धुवायचं ॲसिडवालं लिक्विड आणि ब्लीच एकत्र करू नकोस. विषारी क्लोरीन निघतो. आमच्या मजल्यावर एका मुलीने भाबडेपणाने केलं आणि खोकत बाहेर आली.

खायचं: इव्हिनिंग करून आलीस की जेवण गार झालेलं असणार. इलेक्ट्रिक किटली ने. शेंगदाण्याचा लाडू, मेतकूट, लिंबाचं लोणचं ने. मेतकूट गरम पाण्यात कालवून भातावर घेतलं की घरचं जेवल्यासारखं वाटतं. पीपीईत सहा तास पाण्याचा घोट नाही, त्यामुळे खोलीत आल्या आल्या मीठ-साखर-लिंबू घालून तांब्याभर पाणी पी. सध्या रोजे चालू आहेत. माझ्या मजल्यावरच्या एका सिस्टरला किचनची मुलं पहाटे साडेतीनला सहेरीचं ताट दाराशी ठेवतात. तिने मागितलंही नव्हतं, रजिस्टरवरचं नाव वाचून त्यांनीच विचारलं.

मुलाला खरं सांग. "आई आजारी माणसांना बरं करायला गेली आहे, इतके दिवस झाले की येणार." लवकर येते म्हणू नकोस. आकडा सांग. आणि ड्युटीवरून आल्या आल्या व्हिडिओ कॉल करू नकोस, तासभर थांब. मास्कचे वळ गालावर असतात, ते बघून माझा नातू रडला होता.

---

वकिली_करतो | ८ मे २०२०

ताई, फक्त लिफ्टबद्दल लिहितो. २२ एप्रिलला केंद्राने अध्यादेश काढून १८९७ च्या साथरोग कायद्यात बदल केला आहे. आरोग्य कर्मचाऱ्याला राहण्यात किंवा कामात अडथळा येईल असा त्रास देणं हेसुद्धा त्यात हिंसा धरलं आहे. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. शिक्षा तीन महिने ते पाच वर्षं, दंड पन्नास हजार ते दोन लाख. लगेच पोलिसांत जा असं म्हणत नाही. सेक्रेटरींना सविस्तर पत्र द्या, अध्यादेशाची प्रत जोडा. तुम्ही घरी नसताना तुमच्या घरच्यांना कोणी बोललं तरी मिस्टरांनी तारीख-वेळ लिहून ठेवावी.

---

सावंतवाडीकर | ९ मे २०२०

मी हॉटेलच्या बाजूने लिहितोय. हाऊसकीपिंगला आहे. मार्चअखेरपासून आम्ही अठरा जण हॉटेलातच राहतो, घरी जाता येत नाही. गावी आई एकटी आहे. सुरुवातीला आमच्यातले चौघं म्हणाले, आम्ही नाही थांबणार. मग एका मॅडमनी खाली लॉबीत उभं राहून, आम्हाला लांब लांब बसवून, मास्क कसा घालायचा, ग्लोव्हज कसे काढायचे ते दाखवलं. तेव्हापासून भीती बरीच कमी झाली.

सिस्टर लोकांना माझी विनंती आहे. चादर-टॉवेल झटकू नका, गुंडाळून पिशवीत घाला, गाठ मारून दाराबाहेर ठेवा. वापरलेले मास्क वेगळ्या पिवळ्या पिशवीत. आम्हाला आत बोलवू नका, बादली-पोछा दाराशी ठेवतो. आणि कोणाला ताप आला, घसा दुखला, टेस्ट दिली, तर रिसेप्शनला त्याच दिवशी सांगा. लपवू नका. आमच्याकडे एक मॅडम तीन दिवस बोलल्या नाहीत, हॉटेल बंद करतील म्हणून घाबरल्या होत्या. रोजचा चहा माझा मित्र नेत होता. तो पण अडकला. आता बरा आहे.

सांगितलंत तर खोली बंद ठेवून नंतर नीट साफ करता येते. आम्ही कोणाला बाहेर काढणार नाही.

---

डोंबिवलीची_सिस्टर | १३ मे २०२०

सगळ्यांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला उशीर झाला, लागोपाठ नाइट होत्या.

इन्चार्ज ताई, तुम्ही सांगितलंत तसा अर्ज दिला, पोच घेतली. चार दिवस दुसऱ्या वॉर्डच्या सिस्टरबरोबर होते, काल माझ्याच वॉर्डची, माझ्याच शिफ्टची आली. आज पाच तास सलग झोपले. महिन्याभरात पहिल्यांदा. कार्डाच्या खाचेत मिस्टरांचं जुनं लायब्ररी कार्ड घातलंय, चालतंय. खिडकी मात्र उघडत नाही, मेन्टेनन्सवाल्यांना सांगितलंय.

सावंतवाडीकर दादा, तुमचं वाचून आमच्या मजल्याच्या ग्रुपवर टाकलं. आता ताप-घसा काही वाटलं की आधी ग्रुपवर आणि लगेच रिसेप्शनला कळवायचं असं आम्ही अकरा जणींनी ठरवलंय. काल आम्ही तिघींनी खालच्या मुलांना ग्लोव्हज काढायचे कसे ते दाखवलं. त्यातल्या एकाने उलटे काढताना फाडले, मग परत करून बघितले, चौथ्यांदा जमले. तुमच्या आईंना फोन करत राहा.

मुलाला आकडा सांगितला, चौदा. मिस्टरांनी कॅलेंडरच्या पानावर चौदा चौकोन आखून दिलेत, रोज रात्री तो एक रंगवतो. पहिले दोन दिवस फोनवर आलाच नाही, उशी तोंडावर धरून बसला. तिसऱ्या दिवशी आला आणि विचारलं, "आई, तू आल्यावर मी पायाला हात लावू का?"

सहा चौकोन झालेत.